विलापालाही उपासनेत जागा

रविवारच्या उपासनेत साक्षीची वेळ येते. कोणाचा ताप उतरलेला असतो, कोणाच्या मुलीची सोयरीक जमलेली असते, कोणाच्या आटलेल्या बोअरला पुन्हा पाणी लागलेले असते. एकेक जण उठतो, सांगतो, आणि मंडळी ‘हालेलूया’ म्हणते. तीर्थपुरीसारख्या गावात ख्रिस्ती घरे मोजकी. उपासना पुष्कळदा कोणाच्या तरी ओसरीवर नाहीतर पत्र्याखाली भरते, आणि आठवडाभर राबलेल्या माणसांना या साक्षीच पुढच्या आठवड्याला पुरतात. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. पण ‘चार महिने झाले, झोप नाही, प्रार्थना करवत नाही, जगावंसं वाटत नाही, आणि अजून काहीच बरं झालेलं नाही,’ असे सांगायला उठलेला माणूस मी अशा वेळी कधी पाहिला नाही. असा माणूस त्या सतरंजीवर नसतो असे नव्हे. तो असतो, पण उठत नाही. पुढे पुढे तो येईनासा होतो, आणि मग कुजबुज सुरू होते की भाऊ विश्वासात थंड पडले.

हे पुस्तक त्या न उठलेल्या माणसासाठी आहे, आणि त्याच्या शेजारी बसलेल्यांसाठी त्याहून जास्त आहे. आपल्या मंडळ्यांनी सुटकेच्या साक्षीला भरपूर जागा दिली, विलापाला दिली नाही. देवापुढे ‘मी बरा नाही’ म्हणायची सोय नसलेला माणूस डॉक्टरपुढेही ते म्हणत नाही, हा या पुस्तकाचा मुख्य मुद्दा आहे.

तीर्थपुरी जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात येते. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी. शिवारात कापूस, ऊस, कुठे मोसंबी. पाऊस फिरला की हिशेब फिरतात. उसाचे बिल, कापसाचा भाव आणि सावकाराचा तगादा या तीन गोष्टींवर घराची झोप अवलंबून असते. ज्याला जमीनच नाही त्याला हे तिन्ही प्रश्न मालकाच्या मार्फत येतात, आणि मजुरीत कापून येतात. मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांबद्दल इतके लिहिले गेले आहे की वाचणाऱ्याची नजर आता त्या बातमीवरून घसरते. त्या घरांत काही ख्रिस्ती घरेही असतात, एवढेच इथे नोंदवतो. मोसंबीची बाग वाळते तेव्हा मालकाचा धर्म विचारून वाळत नाही.

ख्रिस्ती घराच्या वाट्याला मात्र काही वेगळी ओझीही येतात. जालन्याच्या परिसरातली मंडळी एकोणिसाव्या शतकातली. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यात जालन्याला आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभी केली. स्वतः ब्राह्मण कुळातले, पण त्यांच्या हाकेला ओ दिली ती बहुतेक मांग आणि महार कुटुंबांनी. त्यांचे वंशज आणि नंतर गावोगाव प्रभूच्या मागे निघालेली घरे आज एका विचित्र अडचणीत आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणून दाखल्यावर एक ओळख आणि उपासनेत दुसरी, अशी पुष्कळांची आयुष्ये जातात. शाळेत, तहसिलीत, सोयरिकीत ‘आपण नक्की कोण’ हा प्रश्न गिळत राहावे लागते. याने आजार होतोच असे मी म्हणणार नाही. पण ज्याचे मन आधीच खचले आहे त्याला मोकळे बोलायला गावात माणसे किती, याचे उत्तर या दुहेरीपणात आहे. भावकी आधीच तुटलेली असते. उरते ती मंडळी, आणि मंडळीत तर साक्षच द्यायची असते.

आता आजाराकडे वळतो. ‘डिप्रेशन’ हा शब्द आता मोबाईलमुळे खेड्यातही पोचला आहे, पण आजारी माणूस तो क्वचितच वापरतो. तो म्हणतो, डोकं जड पडलंय. जीव लागत नाही. अंग गळून गेलंय. छातीत धडधडतं. बाई म्हणते, भाकरी थापायला बसले की हात चालत नाहीत. पुरुष बोलत नाही, तो चिडतो, नाहीतर पितो. जेवण तुटते, पहाटे तीन वाजता डोळे उघडतात ते मिटत नाहीत, आणि आपण घराला ओझे झालो ही खात्री मनात पक्की बसते. अशी अवस्था जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, दोन आठवड्यांहून जास्त टिकली आणि कामधंद्याला अडवू लागली, तर तो आजार समजून तपासून घ्यावे, असा डॉक्टरांचा साधारण नियम आहे. तपासणीत रक्तही बघावे. थायरॉइडचा बिघाड किंवा अंगात रक्त कमी असणे यानेही माणूस असाच मलूल होतो, आणि आपल्याकडच्या बायकांत या दोन्ही गोष्टी काही दुर्मीळ नाहीत. बाळंतपणानंतर जी सून ‘बाळाकडे बघत नाही’ म्हणून बोलणी खाते, तिच्याबाबत तर आधी दवाखाना आणि मग बाकी सारे.

दुःख आणि हा आजार एक नव्हेत. नवरा गेलेली बाई रडते, पण नातवंडाने खोडी काढली तर क्षणभर हसतेही. आजारात ते हसूही जाते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले की देशात साधारण वीसातल्या एका प्रौढाला आयुष्यात कधी ना कधी उदासीनतेचा आजार होतो, आणि अशा सामान्य मानसिक आजारांतल्या शंभरातल्या पंच्याऐंशी जणांपर्यंत उपचार पोचलेलेच नसतात. उपासनेला चाळीस माणसे बसत असतील तर त्यांत दोघे असे धरायला हरकत नाही.

या दोघांना आपण काय सांगतो? ‘विश्वास वाढवा.’ ‘उपास करा.’ ‘काही लपवलेलं पाप असेल तर कबूल करा.’ सांगणाऱ्यांचे मन वाईट नसते. पण ही वाक्ये ईयोबाच्या मित्रांची आहेत, आणि त्या पुस्तकाच्या शेवटी देव कोणावर रागावतो हे ज्यांनी वाचले आहे त्यांनी ती जपून वापरावीत. सात दिवस ते मित्र राखेत बसलेल्या ईयोबाजवळ न बोलता बसले होते, तेवढे त्यांचे ठीक होते. बिघडले ते बोलू लागल्यावर.

पवित्र शास्त्रातला माझ्या मते सर्वांत उपयोगी उतारा १ राजे, अध्याय एकोणीस. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया ईजबेल राणीच्या एका निरोपाने पळत सुटतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. आपल्या मंडळीत असता तर त्याला कालच्या विजयाची आठवण करून दिली असती. देवदूत तसे काही करत नाही. तो त्याला झोपू देतो, स्पर्श करून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. प्रश्न विचारला जातो तो पुढे, होरेबला पोचल्यावर. त्यानंतर त्याला काम मिळते आणि अलीशा नावाचा सोबती मिळतो. झोप, अन्न, स्पर्श, मग बोलणे, मग झेपेल ते काम, मग सोबत: आजचा समुपदेशक ज्या क्रमाने जाईल तोच हा क्रम आहे. त्यात ‘तुझा विश्वास कुठे गेला’ हे वाक्य कुठेच नाही.

एलीया एकटाही नाही. यिर्मया आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. योना मरण मागतो. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे स्तुतीच्या स्तोत्रांहून कमी नाहीत. त्यांतली बहुतेक शेवटी आशेकडे वळतात, पण अठ्ठ्याऐंशीवे वळत नाही. ते अंधारातच संपते, आणि तसेच ठेवून ते शास्त्रात घेतले गेले. विलापगीत नावाचे अख्खे पुस्तक आहे. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने आपल्या जिवाची तगमग शिष्यांपासून लपवली नाही. जवळ थांबा, जागे राहा, एवढेच त्याने मागितले, आणि शिष्य झोपी गेले. आपण बहुतेक वेळा त्या शिष्यांच्या जागी असतो.

मराठी माणसाला तर देवाशी भांडण्याचे वावडे कधीच नव्हते. तीर्थपुरीच्याच तालुक्यात जांब आहे, समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांची करुणाष्टके म्हणजे सरळ सरळ आर्जव आणि तगमग. तुकोबांनी विठ्ठलाला जे सुनावले ते आपल्यातला कोणी प्रार्थनासभेत बोलला तर वडीलमंडळी त्याला बाजूला घेतील. नारायण वामन टिळक तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. ते आले तेव्हा अभंगाची चाल बरोबर आली आणि भजने झाली. ते भांडण मात्र वाटेत कुठेतरी राहून गेले असे मला राहून राहून वाटते.

टिळकांच्या घराचीच गोष्ट घ्या. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढची काही वर्षे त्या नवऱ्यापासून वेगळ्या, नातलगांच्या आधाराने राहिल्या. त्या काळात त्यांची जी अवस्था झाली तिला आज आपण काय नाव देऊ हे ठरवायला मी डॉक्टर नाही. पण १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी ते दिवस झाकले नाहीत आणि सजवलेही नाहीत. रडे, राग, वेडेपिसे होणे आणि मध्येच फुटणारे हसू एकाच पानावर येते. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण आधीच्या दुःखाला ‘देवाची योजना’ म्हणून त्यांनी गुळगुळीत केले नाही. मराठी ख्रिस्ती साहित्यात विलाप शोधायला निघालेल्याने हे पुस्तक आधी उघडावे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपण नेहमी पराक्रमाचे म्हणून देतो. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली आणि पुढच्या वर्षी त्या स्वतः. केडगावचे मुक्तिसदन या सगळ्याच्या मध्ये उभे राहिले. आनंदीबाईंचे नाव मात्र आपल्या प्रवचनांत येत नाही. दोघी एकाच बोटीने गेल्या होत्या, हे लक्षात ठेवलेले बरे.

आणखी एक स्त्री आहे, तिचे नाव तर मराठी ख्रिस्ती माणसाला बहुधा ठाऊकच नसते. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनरी विल्यम कॅरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले. मराठी नवा करार त्याच छापखान्यातून १८११ मध्ये बाहेर पडला. त्याची बायको डोरोथी मनाविरुद्धच बंगालला आली होती. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर आजाराने गेला आणि तिचे मन ढासळले. नवऱ्याविषयी भलभलते संशय, आरडाओरडा, शेवटी खोलीत कोंडून ठेवणे. १८०७ च्या डिसेंबरात ती वारली. तिचा आजार निव्वळ उदासीनतेचा नव्हता, भ्रमाचा होता. तरी शास्त्र मराठीत येत होते त्या घरात भिंतीपलीकडे ती होती. जुन्या चरित्रांनी तिला थोर माणसाच्या वाटेतली अडचण म्हणून रंगवले. त्या काळी औषध नव्हते, म्हणून कॅरीला दोष देण्यात अर्थ नाही. उदासीनतेवरची पहिली औषधे आली ती १९५० च्या दशकात. आपल्याला ती सबब उरलेली नाही.

औषधाविषयी आपल्या लोकांच्या तीन शंका असतात, आणि तिन्हींची उत्तरे पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहेत. इथे थोडक्यात. उदासीनतेच्या गोळ्या झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांचे व्यसन लागत नाही. पण त्या मनाने एकदम बंदही करायच्या नसतात. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आपली माणसे नेमकी दहाव्या दिवशी सोडून देतात आणि ‘औषधाने काही झालं नाही’ म्हणतात. बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी त्या चालू ठेवायला डॉक्टर सांगतात. तिसरी शंका धर्माची: गोळी घेतली तर प्रभूवर विश्वास कमी पडला का? पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी नुसती प्रार्थना सांगितली नाही, थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. त्याच्याबरोबर फिरणारा लूक पेशाने वैद्य होता. साखरेची गोळी घेणाऱ्या वडिलांना आपण विश्वासात कच्चे म्हणत नाही. मग मेंदू काय शरीराबाहेर असतो?

गोळीशिवायही इलाज आहे, आणि तो आपल्या शेजारीच तपासला गेला. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या ‘संगत’ या संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या स्थानिक माणसांनी रुग्णांशी सहा ते आठ बैठका केल्या. भर साध्या गोष्टीवर होता: जे करणे सुटले आहे त्यातले थोडे थोडे पुन्हा सुरू करायचे, आणि अडचणींचा एकत्र बसून विचार करायचा. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निकाल आले, नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा यात जास्त माणसे सावरली. झिंबाब्वेत आज्या दवाखान्याबाहेर बाकावर बसून असेच काम करतात. हे वाचताना मला आपली महिला मंडळे आठवली. घरोघर जाणे, बसणे, ऐकणे हे त्यांचे जुनेच काम. फक्त तिथे उपदेश आवरायला शिकावे लागेल, आणि ऐकलेले चुलीपाशी सांगायचे नाही ही शिस्त लागेल. दुसरे पहिल्यापेक्षा अवघड आहे.

दवाखान्याची वाट सोपी नाही हे मान्यच. तीर्थपुरीहून जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जायचे म्हणजे दिवसाची मजुरी गेली, आणि सोबतच्या माणसाचीही. पण आशाताई गावातच असतात. मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत राज्य सरकारने सुरू केलेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त शेतकरी कुटुंबांतले ताण ओळखण्याचे काम त्यांच्याकडेच दिले होते. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येते आणि रात्रीही लागतो. हा क्रमांक प्रार्थनागृहाच्या भिंतीवर वचनांच्या शेजारी लिहावा.

मरणाच्या विचाराबद्दल स्पष्ट बोलतो. ‘तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर माणसाला एकटे सोडू नये, आणि फवारणीचे औषध त्याच दिवशी घरातून हलवून दुसऱ्याच्या कुलपात ठेवावे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. जीव देण्याचा झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, आणि तेवढा वेळ विष हाताशी नसणे हेच जीव वाचवते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरले जाते. पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न नेण्याचे आता कारण नाही.

तरीही कोणी गेलाच, तर पुरण्याच्या वेळी पाळकसाहेबांनी त्याच्या नरकाचा निवाडा करू नये. शतकानुशतके चर्चने अशांना पवित्र भूमी नाकारली. पण कॅथलिक सभेच्या १९९२ च्या श्रद्धाग्रंथानेही मान्य केले की गंभीर मानसिक व्यथेने माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशांच्या तारणाची आशा सोडू नये. मागे राहिलेली आई समोर उभी असते. ते प्रवचन ती मरेपर्यंत विसरत नाही.

‘बाहेरचं आहे’ म्हणून दुष्टात्मा काढण्याचा प्रकार आपल्यातही आहे, फक्त भगताच्या जागी आपला माणूस असतो. आजाऱ्यावर हात ठेवणे, याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे तेल लावून प्रार्थना करणे, याला कोणाची हरकत नाही. पण मारणे, बांधणे, उपाशी ठेवणे, चालू गोळ्या बंद करायला लावणे हे पाप आहेच. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे हा तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही आहे. दुष्टात्मा काढणाऱ्याला प्रार्थनेला बोलावणाऱ्या घराने, तो यातले काही करणार नाही ना, हे आधी विचारून घ्यावे.

पुस्तक कसे वाचायचे याबद्दल थोडे. जो आत्ता आजारी आहे त्याच्याने सलग वाचवणार नाही, हे धरूनच प्रकरणे लहान ठेवली आहेत. त्याला कोणीतरी वाचून दाखवावे, रोज एक, आणि नको म्हणाला तर तेही नको. दारूवर वेगळे प्रकरण नाही. तो विषय उदासीनतेशी जोडलेला आहे, पण एवढा मोठा आहे की त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल. इथे घुसवला असता तर दोन्हींचे नुकसान झाले असते. पाळकांनी सुरुवात शेवटून करावी, कारण शेवटच्या प्रकरणात उपासनेचा क्रम दिला आहे: साक्षीच्या वेळेनंतर पाच मिनिटे ज्यांचे अजून काही बरे झालेले नाही त्यांच्यासाठी, आणि महिन्यातून एकदा अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचे वाचन, त्याला जोडून दुसरे आनंदाचे स्तोत्र न वाचता. दानपेटीतले थोडे पैसे जालन्याच्या एसटीच्या भाड्यासाठी बाजूला ठेवावेत, दोन माणसांचे, असेही तिथे सुचवले आहे. आजारी माणसाला एकट्याने पाठवू नये म्हणून दोघांचे.